उंच पिकअपचे स्टिअरिंग : एका अमेरिकी रीतीचा तांत्रिक इतिहास

पिकअप उंच करण्याची अमेरिकी रीत मोठ्या टायरपायी आली. चिखलात किंवा खडकांवर गाडी अडते ती बहुधा पोट टेकल्यामुळे, आणि अखंड ॲक्सलखालची जागा वाढवण्याचा सरळ उपाय म्हणजे अधिक व्यासाचा टायर. स्प्रिंगा कितीही उंच केल्या तरी ॲक्सल जमिनीपासून होता तितकाच वर राहतो. स्प्रिंगा उचलायच्या त्या मोठ्या टायरला मडगार्डखाली वळायला आणि वरखाली व्हायला जागा मिळावी म्हणून. पण चासी चार इंच वर गेली की तिला बांधलेली स्टिअरिंगची पेटीही वर जाते आणि चाके खालीच राहतात. दोघांना जोडणारी दांडी, म्हणजे ड्रॅग लिंक, तिरकी होते. उंच पिकअपचा इतिहास हा मुख्यतः या तिरकेपणाशी झालेल्या झटापटीचा इतिहास आहे.

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या गाड्या मुळातच उंच होत्या. १९०८ ची फोर्ड मॉडेल टी कच्च्या रस्त्यांसाठी बनली होती आणि १९२५ मध्ये फोर्डने तिची कारखान्यातच बांधलेली पिकअप विकायला काढली. चारही चाकांना जोर देणारी पिकअप मात्र बराच काळ बाहेरून करून घ्यावी लागत असे. इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन कंपनी १९३० च्या दशकात फोर्डचे ट्रक तसे बदलून देई. १९५० च्या दशकात मिनियापोलिसची नॅप्को कंपनी शेवरलेसाठी तयार संच विकत असे. डॉजने दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी ट्रकचा अनुभव वापरून १९४६ मध्ये पॉवर वॅगन आणली, शेवरलेने १९५७ मध्ये नॅप्कोची रचना कारखान्यातूनच देऊ केली आणि १९५९ मध्ये फोर्डने स्वतःची चारचाकी जोराची पिकअप काढली. त्याच युद्धातली विलिस जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली, त्यामुळे पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) आणि अखंड ॲक्सलची ही रचना मराठी गॅरेजांनाही अनोळखी नाही.

१९७० च्या दशकात उंच पिकअप हा छंद बनला. सेंट लुइसच्या बॉब चँडलर यांनी १९७४ ची फोर्ड एफ-२५० हळूहळू उंच करत नेली, तीच बिगफूट नावाची गाडी. टायर इतके मोठे झाले की नुसती पुढची चाके वळवून भागेना, तेव्हा मागची चाकेही वळवण्याची सोय तिच्यात करावी लागली. सामान्य मालकाचा मार्ग साधा होता : पुढे जास्त कमानीचे पाटे आणि मागच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे. काहींनी पुढेही ठोकळे घातले. ती घोडचूक होती, कारण ब्रेक दाबताच पुढच्या ॲक्सलला बसणारा पीळ ठोकळ्याच्या उंचीमुळे वाढतो.

शेवरलेच्या १९७३ ते १९८७ च्या पिकअपमध्ये ड्रॅग लिंक चासीच्या लांबीच्या दिशेने जात असे. पेटीचा हात, म्हणजे पिटमन आर्म, तिला पुढेमागे ढकले आणि डाव्या चाकाचा नकल, म्हणजे चाक धरून वळणारा सांधा, वळे. गाडी उचलली की ही दांडी तिरकी होऊन स्टिअरिंग मधल्या जागी राहत नसे आणि खड्ड्यात चाक आपोआप वळे. त्यावर उपाय म्हणून नकलवर उंच स्टिअरिंग आर्म बसवला जाऊ लागला. पेटी जितकी वर गेली तितकेच दांडीचे दुसरे टोकही वर आणायचे, इतकाच त्यामागचा विचार. टोयोटाच्या १९७९ ते १९८५ च्या अखंड ॲक्सलच्या पिकअपवर कारागीर याच्या पुढे गेले. त्यांनी दांडी आडवी करून ती पलीकडच्या चाकाच्या नकलला, ॲक्सलच्या वरून, जोडली. खडकांवर चालणाऱ्या गाड्यांत ही मांडणी आजही पसंत केली जाते.

फोर्डने १९६६ पासून पुढच्या अखंड ॲक्सलला कॉइल स्प्रिंग दिल्या आणि एक नवा पेच निर्माण झाला. पाटे ॲक्सलला डावीउजवीकडे धरून ठेवतात. कॉइल ठेवत नाही. म्हणून चासीपासून ॲक्सलपर्यंत एक आडवी दांडी लागते, तिला ट्रॅक बार म्हणतात. ॲक्सल वरखाली होताना या बारच्या लांबीने ठरलेल्या वर्तुळखंडावर फिरतो आणि ड्रॅग लिंकचे टोक स्वतःच्या वर्तुळखंडावर. दोन्ही दांड्या समांतर आणि जवळपास सारख्या लांबीच्या असतील तर दोन्ही टोके बरोबर सरकतात. नसतील तर प्रत्येक उंचवट्यावर ड्रॅग लिंक नकलला ओढते किंवा ढकलते आणि चालकाने काही न करता गाडी वळते. याला बंप स्टिअर म्हणतात. बाजारात खाली वाकवलेला पिटमन आर्म स्वस्तात मिळे, म्हणून अनेकांनी तेवढाच बदलला. त्याने ड्रॅग लिंक सपाट झाली, पण ट्रॅक बार तिरकाच राहिला, म्हणजे असलेला मेळही गेला. ट्रॅक बारचे चासीकडचे टोक तेवढेच खाली आणणारा ब्रॅकेट त्या आर्मसोबत बसवणे हाच नेमका उपाय होता. शिवाय चासी उचलल्यावर तिरका झालेला बार ॲक्सलला एका बाजूला ओढतो, त्याला पुन्हा मध्यावर आणायला लांबी जुळवता येणारा बार लागतो. उंचीमुळे ॲक्सलला मागे चासीशी जोडणारे रेडियस आर्म ॲक्सलला फिरवतात, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि सरळ रस्त्यावर गाडी भटकते; त्यासाठी तिरक्या भोकाचे बुश किंवा खाली उतरवलेले ब्रॅकेट आले. २००५ पासूनच्या सुपर ड्यूटीमध्ये कॉइल, रेडियस आर्म आणि ट्रॅक बार परत आले, आणि त्यांच्यासोबत हा सगळा हिशेबही.

१९८० मध्ये फोर्डने अखंड ॲक्सलचे दोन तुकडे करून ते मधल्या भागात खिळीवर झुलते ठेवले. असा ट्रक नुसत्या उंच स्प्रिंगांनी उचलला की चाकांचा उभा कोन बिघडतो आणि टायर एका कडेने झिजतात. खिळीचे ब्रॅकेट खाली आणावेच लागतात. जनरल मोटर्सच्या १९८८ च्या नव्या पिकअपमध्ये पिळाने स्प्रिंगचे काम करणारे टॉर्शन बार आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र आर्म होते. बोल्ट पिळून दोनेक इंच मिळत, पण बॉल जॉइंट आणि चाकाकडे जाणारे शाफ्ट आपल्या मर्यादेला टेकत. खऱ्या उंचीसाठी डिफरन्शियल आणि खालचे आर्म दोन्ही खाली आणणारा पूर्ण संच लागे. या घडणीत तुकड्यातुकड्याने काम करणे म्हणजे पैसा वाया घालवणे.

१९९४ च्या डॉज रॅममध्ये कॉइल आणि अखंड ॲक्सल होता, पण दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडची मांडणी उलट्या वाय आकाराची होती. डाव्या चाकाची दांडी ड्रॅग लिंकच्या मध्यावर जोडलेली. चासी वरखाली झाली की वायचा कोन बदले आणि त्यासोबत टो, म्हणजे चाकांचा आतबाहेर वळलेला कोन. पुढे दोन्ही नकलना जोडणारी एकच सरळ दांडी असलेली टी आकाराची मांडणी आली आणि जुन्या ट्रकांवर ती बसवण्याची पद्धत पडली. ट्रॅक बारचा सांधा झिजला, बोल्ट ढिला झाला किंवा कॅस्टर चुकला की पुढचा ॲक्सल जोरात थडथडू लागतो. गाडी जवळपास थांबेपर्यंत ते थांबत नाही. स्टिअरिंगचा शॉक बदलून ही थडथड काही काळ झाकली जाते, बरी होत नाही. मूळ दोष शोधण्याला दुसरा पर्याय नाही.

मोठ्या टायरचा भार शेवटी पेटीवर येतो. खाली वाकवलेल्या आर्ममुळे पेटीच्या शाफ्टवर वाकवणारा ताण वाढतो, म्हणून शाफ्टच्या खालच्या टोकाला आधार देणारे ब्रेस आले. खडकांवर चालणाऱ्यांनी टाय रॉडला तेलाच्या दाबावर चालणारा मदतीचा सिलिंडर लावला.

२०१० च्या फोर्ड रॅप्टरपासून रुंद आर्म, लांब प्रवासाचे शॉक आणि त्यांना जुळणारे स्टिअरिंग हे सगळे कारखान्यातच एकत्र आखून मिळू लागले. २०११ मध्ये फोर्डच्या एफ-१५० ला विजेच्या मदतीचे स्टिअरिंग आले आणि २०१२ च्या मॉडेलांपासून ४,५३६ किलोपर्यंतच्या वाहनांना इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण अनिवार्य झाले. आता ट्रक उचलल्यावर चाकांचे कोन जुळवले तरी काम संपत नाही. स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सरही शून्यावर आणावा लागतो, नाहीतर सरळ जाणाऱ्या गाडीला संगणक वळणारी समजून एखाद्या चाकाचा ब्रेक दाबू शकतो. याच काळात पुढचा भाग उचलून मागचा खाली ठेवण्याची टूम पसरली. त्यात पुढचा रस्ताच दिसेनासा होतो. नॉर्थ कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२१ पासून पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच करण्यावर बंदी घातली. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायना यांनीही पुढच्या दोन वर्षांत तसेच कायदे केले.