राखण आणि राखीव : पाचाडचे रान आणि मुंबईचे नगरवन

नगर वाढले की अरण्य हटावयाचेच, ही समजूत नगररचनेच्या चर्चेत पुष्कळदा गृहीत धरली जाते. ती स्वीकारली, तर नगराच्या हद्दीतील वन हे केवळ शोभेचे वा विरंगुळ्याचे स्थान ठरते. मराठी राज्यातील राजनीतिविचाराची भूमिका मात्र निराळी होती. वस्तीलगतचे रान हा वस्तीच्या अस्तित्वाचाच आधार होय, असे तो विचार मानतो.

रायगड हा केवळ किल्ला नव्हता. ती राजधानी होती. गडमाथ्यावर राजवाडा, बाजारपेठ व तलाव, तर पायथ्याशी पाचाड येथे जिजाबाईंचा वाडा, अशी तिची रचना होती. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, जिजाबाईंचे पाचाड येथेच देहावसान झाले व त्यांची समाधीही तेथेच आहे. माथा आणि पायथा यांच्या मध्ये गडाचे उतार येतात. अशा उतारांवरील झाडीला राज्यकर्त्यांच्या लेखी कोणते मोल होते, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’वरून कळते.

हा ग्रंथ इ. स. १७१५च्या सुमाराचा. त्यातील वृक्षविषयक मजकूर शिवछत्रपतींचे पत्र म्हणून अनेकदा उद्धृत केला जातो, ते यथार्थ नव्हे. तथापि ग्रंथकर्ता शिवकालीन अष्टप्रधानांपैकी एक असल्यामुळे त्या काळाचा अनुभव त्यामागे आहे, असे म्हणावयास हरकत नाही. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावू नये. लोक ती झाडे लेकरांप्रमाणे वाढवितात, असे तो बजावतो. जीर्ण झालेले झाड घ्यावयाचे झाल्यास धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा दंडक आहे. गडाभोवतीच्या ‘कलारग्याच्या झाडी’स तर तो गडाची राखणच समजतो आणि ती प्रयत्नपूर्वक वाढवावयास सांगतो. अर्थात हे विधान आदर्शाचे आहे; प्रत्यक्ष व्यवहाराचा तो पुरावा नव्हे.

येथे ‘राखण’ हा शब्द विचारार्ह आहे. संस्कृत ‘रक्ष्’, प्राकृत ‘रक्ख’ आणि मराठी ‘राखणे’ अशी त्याची परंपरा आहे. ‘राखण’ ही क्रिया. ‘राखणदार’ हा तिचा कर्ता. ‘राखीव’ हा शब्द मात्र ‘कोरीव’, ‘घडीव’ यांप्रमाणे क्रियेचे फलित दर्शवितो. त्यात कर्ता दिसेनासा होतो. ब्रिटिश अमदानीतील १८७८च्या वन अधिनियमाने जो वर्ग निर्माण केला, त्याला मराठीत ‘राखीव वन’ हे नाव रूढ झाले. या वर्गात जे स्पष्टपणे अनुज्ञात नाही, ते निषिद्ध होय. राखणाऱ्याचे स्थान अशा रीतीने आदेशाने घेतले.

या दोन कल्पनांचा संघर्ष कोकणपट्टीच्या उत्तरेस, मुंबईत, स्पष्ट दिसतो. १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी हे तलाव शहराच्या पाण्यासाठी पूर्ण झाले. त्यांच्या पाणलोटातील रान टिकणे ही शहराचीच गरज होती. आज हे दोन्ही तलाव सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. त्याच उद्यानातील कान्हेरीच्या लेण्यांत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. डोंगर व पाणी यांचा संबंध येथे किती जुना आहे, याची ती साक्ष होत. या वनात वारली आदींचे पाडेही आहेत. ‘राखीव’ या शब्दाच्या कायदेशीर अर्थाने त्यांना अतिक्रमक ठरविणे सोपे जाते. ‘राखण’ या शब्दाच्या अर्थाने तेच राखणदार ठरू शकतात.

लगतच्या आरे येथे ऑक्टोबर २०१९मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली. पुढे २०२० साली राज्य शासनाने तेथील सुमारे ८०० एकर क्षेत्र राखीव वन करण्याचा निर्णय जाहीर केला. या घटनाक्रमावरून इतके निश्चित दिसते, की एखादे क्षेत्र राखीव असणे वा नसणे हे शासननिर्णयावर अवलंबून असते आणि निर्णय बदलू शकतात. राखण ही नित्याची क्रिया आहे. शहराच्या पाण्याचा व हवेचा भार जे वन वाहते, त्याला राखणदार कोण, हे निश्चित झाल्याखेरीज ‘राखीव’ हे विशेषण सार्थ होत नाही. गडाच्या झाडीस गडाची राखण म्हणणाऱ्या अमात्यांनी हा संबंध दुसऱ्या बाजूनेही ओळखला होता : जे रान आपण राखतो, तेच आपणास राखते.