गणवेश एकच, मग लष्करातून बाहेर पडल्यावर उपचार आणि पेन्शन वेगवेगळं का?

लष्करात नोकरी केली म्हणजे आयुष्यभर पेन्शन, मोफत उपचार आणि कॅन्टीन कार्ड मिळतं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तसं नाही. सैनिक लष्करातून कधी, कसा आणि कोणत्या कागदावर बाहेर पडला, यावर त्याला पुढे काय मिळणार हे ठरतं. सीमेवर एकाच चौकीत उभे राहिलेले दोन जवान घरी परतल्यावर एकाकडे हेल्थ कार्ड असतं आणि दुसऱ्याला दवाखान्याचं बिल स्वतः भरावं लागतं.

अग्निपथ योजनेतली पहिली तुकडी 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला दाखल झाली. तिची चार वर्षं 2026-27 मध्ये पूर्ण होतात. त्यामुळे हा प्रश्न आता हजारो घरांचा होणार आहे. सातारा, कोल्हापूरसारख्या जिल्ह्यांत तर पिढ्यानपिढ्या घरटी एक जण लष्करात, अशी गावं आहेत.

ईसीएचएस म्हणजे काय?

माजी सैनिकांसाठीची ही अंशदायी आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 पासून सुरू झाली. निवृत्त सैनिक एकदाच ठरावीक रक्कम भरतो आणि त्याला व त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना उपचार मिळतात. देशभरात योजनेची चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत. तिथे न होणाऱ्या उपचारांसाठी रुग्णाला लष्करी किंवा योजनेशी जोडलेल्या खासगी रुग्णालयात पाठवलं जातं.

पण या योजनेचं दार मुख्यतः पेन्शनच्या किल्लीनेच उघडतं. पेन्शन नसेल, तर बहुतेकांना कार्डही नाही.

पेन्शन कोणाला मिळते?

जवानाला पेन्शनसाठी साधारण 15 वर्षांची सेवा लागते, तर अधिकाऱ्याला 20 वर्षांची. त्याआधी स्वतःहून नोकरी सोडली, तर पेन्शन मिळत नाही.

शॉर्ट सर्व्हिस कमिशनमधले अधिकारी इथेच अडकतात. त्यांची सेवा 10 वर्षांची, फार तर 14 वर्षांपर्यंत वाढणारी. म्हणजे 20 वर्षांचा टप्पा त्यांना गाठताच येत नाही. भूदलातल्या बहुतेक शाखांमध्ये महिलांना अनेक वर्षं हाच एक मार्ग खुला होता. फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिलांना स्थायी कमिशन देण्याचा निकाल दिला, तेव्हा पदोन्नतीइतकाच पेन्शनचाही प्रश्न त्यात होता. शॉर्ट सर्व्हिसच्या माजी अधिकाऱ्यांना ईसीएचएसमध्ये येण्याची परवानगी 2019 मध्ये मिळाली, म्हणजे योजना सुरू झाल्यावर तब्बल 16 वर्षांनी.

अग्निवीरांना काय मिळतं?

14 जून 2022 रोजी जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होतात. बाकीच्यांना 'सेवा निधी' मिळतो. घोषणेवेळी ही रक्कम व्याजासह सुमारे 11.71 लाख रुपये सांगण्यात आली होती. त्यातला निम्मा वाटा अग्निवीराच्याच पगारातून कापलेला असतो.

योजनेच्या अटींनुसार बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला पेन्शन, ग्रॅच्युइटी, ईसीएचएस, कॅन्टीनची सुविधा आणि 'माजी सैनिक' हा दर्जा मिळत नाही. नोकरीत असेपर्यंत लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात, नंतर नाहीत.

सेवेमुळे अपंगत्व आलं तर अग्निवीराला टक्केवारीनुसार 44, 25 किंवा 15 लाख रुपये एकदाच मिळतात. नियमित जवानाला अशाच दुखापतीसाठी दरमहा अपंगत्व पेन्शन मिळते. पंचविशीतल्या तरुणासाठी हा फरक मोठा आहे. एकरकमी पैसा घर बांधण्यात किंवा कर्ज फेडण्यात संपू शकतो, पण गुडघ्याची किंवा मणक्याची दुखापत पुढची चाळीस वर्षं सोबत राहते.

प्रशिक्षणातच जखमी झाला तर?

पुण्याजवळच्या खडकवासल्यातली एनडीए असो किंवा देहरादूनची आयएमए, तिथला कॅडेट अजून अधिकारी झालेला नसतो. त्यामुळे प्रशिक्षणात गंभीर जखमी होऊन 'बोर्ड आउट' झालेल्या कॅडेटला माजी सैनिक मानलं जात नाही. त्याला पेन्शनऐवजी दरमहा सानुग्रह रक्कम मिळते.

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कॅडेट्सच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात सरकारने त्यांना ईसीएचएसचा लाभ देण्याचा निर्णय घेतला. त्यासाठीचं एकरकमी अंशदानही माफ केलं. 'माजी सैनिक' हा दर्जा नसतानाही उपचार देता येतात, हे या निर्णयाने दाखवून दिलं.

अपंगत्व पेन्शनवरून वाद का होतात?

नियमित सैनिकाला ही पेन्शन मिळण्यासाठी दोन गोष्टी लागतात: किमान 20 टक्के अपंगत्व, आणि ते सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे वाढलं असा निष्कर्ष. गोळी लागली तर प्रश्न येत नाही. पण रक्तदाब, मधुमेह किंवा मानसिक आजार असेल, तर मेडिकल बोर्डाचं एक वाक्य निर्णायक ठरतं.

भरतीवेळी सैनिक निरोगी असेल, तर नंतरचा आजार सेवेमुळे झाला असं गृहीत धरावं आणि तसं नसल्यास ते लष्कराने सिद्ध करावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू झाले. ते अधिक कडक असल्याची टीका माजी सैनिकांनी केली. हे नियम पूर्वलक्षी नाहीत, असं संरक्षण मंत्रालयाचं म्हणणं आहे.

दावा फेटाळला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणात दाद मागता येते. महाराष्ट्रातल्या सैनिकासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. गावाकडच्या जवानासाठी तारखेला मुंबई गाठणं म्हणजे वकिलाची फी, प्रवास आणि बुडालेली मजुरी.

कार्ड असलं तरी सगळे समान का नसतात?

ईसीएचएसचं अंशदान हुद्द्यानुसार 30 हजारांपासून 1 लाख 20 हजारांपर्यंत आहे. रुग्णालयातली खोलीही हुद्द्यावरच ठरते: जवान आणि हवालदाराला जनरल वॉर्ड, जेसीओला सेमी प्रायव्हेट, अधिकाऱ्याला प्रायव्हेट. शिवाय पॉलिक्लिनिक प्रामुख्याने शहरात असतं. डोंगराळ तालुक्यातल्या वृद्ध सैनिकाला महिन्याच्या गोळ्यांसाठीही एसटीने अख्खा दिवस घालवावा लागतो.

बाहेर पडताना काय सांभाळावं?

डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाच्या अहवालाची प्रत आणि सेवाकाळातल्या प्रत्येक दुखापतीची नोंद जपून ठेवणं महत्त्वाचं. पुढचा प्रत्येक दावा याच कागदांवर उभा राहतो. अर्ज कसा करायचा, याची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते.

कॅडेट्सना उपचाराचा हक्क मिळाला, तो न्यायालयाने दखल घेतल्यावर. चार वर्षांनी घरी परतणाऱ्या अग्निवीरांचा उपचार कोण करणार, याचं उत्तर योजनेच्या अटींमध्ये नाही.