घाटावरचा माल आणि पेठेची एकी

वरंध गाव मागे टाकून घाट चढू लागलं, की कोकण पायाखाली जातं आणि माथ्यावर देशाचा वारा अंगावर येतो. हल्ली हा रस्ता बातमीत येतो तो दरडींमुळे. माझ्या आजोबांच्या बोलण्यात मात्र तो मिठाच्या आणि सुक्या मासळीच्या गाड्यांचा रस्ता होता. सावित्रीच्या खाडीतून भरतीबरोबर होड्या महाडला लागत, माल बैलगाडीवर चढे आणि उतरताना गूळ, मिरची येई.

खाली इंग्रजांचा कुलाबा जिल्हा, वर भोर संस्थान. घाट एक, सरकारं दोन. मुंबई इलाख्यातली वाटेवरची जकात १८३८ साली उठली, पण भोर विलीन व्हायला १९४८ साल उजाडलं. राज्यं जोडली जातात, बाजार एक होतो, तेव्हा व्यापाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात : रस्ता मोकळा आणि कर एकच. त्यासाठी एकटा दुकानदार ओरडला तर कोण ऐकणार? मुंबईत १८३६ साली बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स निघालं, त्यात वजन होतं गोऱ्या व्यापाऱ्यांचं. १९०७ साली देशी व्यापाऱ्यांनी इंडियन मर्चंट्स चेंबर काढलं. पण या दरबारात सोलापूर-महाडच्या पेठांना जागा कुठली? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर उभं राहिलं ते १९२७ साली. अखिल भारतीय पातळीवरचं 'फिक्की'ही त्याच वर्षीचं.

१९२७ म्हटलं की आम्हा महाडकडच्या माणसांना चेंबर आठवत नाही, चवदार तळं आठवतं. २० मार्चला बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं. डिसेंबरात पुन्हा परिषद भरायची होती, तेव्हा गावच्या व्यापाऱ्यांनी तिच्याशी देवघेव नाकारली. धान्य, सामान सारं बाहेरून आणावं लागलं. मंडपाला जागा मिळाली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाची. जकात हटवायला जी एकी लागते, तीच एकी इथे दुकानाची फळी बंद करायला वापरली गेली. आमच्या लोकांना त्या तळ्यावर पाणी भरायला कधीच अडकाठी नव्हती, हेही इथे सांगितलं पाहिजे. त्यामुळे फत्तेखानांचा मला अभिमान वाटतो खरा, पण तो वाटताना मान थोडी खालीच असते.

पुढची कहाणी अलीकडची. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली. महापालिकांत तिच्या जागी एलबीटी आला, तेव्हा २०१३ साली राज्यभर दुकानं बंद राहिली. व्यापारी संघटनांचा रेटा इतका, की ५० कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा तो कर १ ऑगस्ट २०१५ला सुटला. मग १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबईचे जकात नाकेही उठले. मी कविता लिहिणारा माणूस, कराचं गणित मला उधारीच्या वहीपलीकडे समजत नाही. पण दुकानदार हरकती मांडतो, निवेदनं देतो, मंत्र्यांच्या भेटी घेतो, हे दिसतं. त्याच्यापाशी संघटनेचा शिक्का असतो.

वरंध घाट पावसात बंद झाला, की टेम्पोवाला पोलादपूरवरून आंबेनळीने नाहीतर माणगावहून ताम्हिणीने वळसा घालतो. वाढलेलं डिझेल, वाया गेलेला दिवस त्याचाच. गोणी उतरवणारा हमाल त्याची वाट बघत पेठेत बसलेला असतो. चेंबरच्या सभासदांच्या यादीत दोघांचीही नावं नसतात.