न जिंकणाऱ्या घोड्याचा हिशेब

साठच्या दशकात आम्हा नाशिकच्या पोरांना धनुर्वाताची फार भीती घातलेली असे. पंचवटीत, रविवार कारंजावर, नाशिकरोड स्टेशनाबाहेर टांगेच टांगे असत. रस्त्यावर लीद पडलेली, आणि आम्ही अनवाणी. पायात खिळा गेला की घरातली मोठी माणसे पहिला प्रश्न विचारत, ‘लिदीत पाय पडला होता का?’ प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या आतड्यात सुखाने राहतात आणि लिदीवाटे मातीत उतरतात.

माझ्या टाचेत खिळा गेला तेव्हा वडील मला सायकलवर घालून दवाखान्यात घेऊन गेले. कंपाउंडरने आधी हातावर थेंबभर औषध टोचून पाहिले, अर्धा तास बाकावर बसवून ठेवले आणि मगच इंजेक्शन दिले. एवढा वेळ कशाला, असे वडिलांनी विचारले. कंपाउंडर म्हणाला, ‘हे घोड्याच्या रक्तातून काढतात, सगळ्यांना सोसत नाही.’ रोग घोड्यामुळे आणि औषधही घोड्याचेच! त्या वयात मला हे जादूसारखे वाटले. हा घोडा कोणाचा, असे मात्र तेव्हा सुचले नाही. पुष्कळ वर्षांनी त्या प्रश्नामागे लागलो, आणि तो मला टांग्यांच्या अड्ड्यावरून थेट शर्यतीच्या घोड्यांच्या पागेत घेऊन गेला.

आधी औषधाचे सांगतो. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले, की जनावराला जंतूंचे विष थोडे थोडे टोचत गेले, तर त्याच्या रक्तात उतारा तयार होतो आणि तो दुसऱ्याला देता येतो. वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल १९०१ मध्ये बेरिंग यांना मिळाले ते याच वाटेच्या कामासाठी. घोडा मोठा, त्याच्या अंगात रक्त भरपूर आणि स्वभावाने तो माणसाळलेला. म्हणून या कामाला घोडाच सोयीचा ठरला. पण तो निरोगी हवा. १९०१ मध्येच अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात दुधाच्या गाडीला जुंपलेल्या जिम नावाच्या घोड्यापासून घटसर्पाचे औषध काढत. त्याला धनुर्वात झाला, तरी त्याच्या रक्तापासून बनवलेल्या काही बाटल्या वापरल्या गेल्या आणि तेरा मुले दगावली. पुढच्याच वर्षी तिकडे अशा औषधांवर सरकारी नियंत्रणाचा कायदा झाला.

म्हणजे ज्याच्याकडे धडधाकट, पोटभर खाणारे, पशुवैद्याच्या नजरेखालचे आणि जन्मापासून नोंद असलेले घोडे आहेत, त्याच्या हाती या औषधाचा कच्चा माल असतो. असे घोडे आपल्याकडे कोणाकडे होते? लष्कराकडे होते आणि शर्यतवाल्यांकडे.

शर्यतीचा घोडा म्हणजे थरोब्रेड. इंग्लंडात आणलेल्या तीन पूर्वेकडच्या घोड्यांपासून या जातीचा नरवंश सांगतात आणि १७९१ पासून तिची छापील वंशावळ ठेवली जाते. आपल्याकडे ही नोंद ठेवणारे कार्यालय पुण्यात आहे. आईबापाची नोंद नसेल, तर घोडा वाऱ्याच्या वेगाने पळाला तरी त्याला शर्यतीत जागा नाही. गायीम्हशींत कृत्रिम रेतन रुळून गेले, इथे मात्र ते आजही चालत नाही. घोडी समक्षच फळवावी लागते, मग अकरा महिने वाट पाहायची, मग शिंगरू. ते दोन वर्षांचे होईपर्यंत चारा, मोतद्दार, नालबंद आणि डॉक्टर यांचा खर्च चालूच असतो. पुढे चार-पाच हंगाम पळणार. त्यातला एखादाच डर्बी जिंकतो आणि निवृत्त होऊन नवी पिढी जन्माला घालण्यासाठी पागेत परततो. उरलेल्यांचे काय करायचे, हा या धंद्यातला अवघड प्रश्न. शर्यतीवरच्या पुस्तकांत जिंकणाऱ्यांची नावे असतात, उरलेल्यांची नसतात.

फार काळ हा प्रश्न कोणाला छळत नव्हता, कारण खर्च राजेलोक करीत. आणि याचे सर्वांत झगमगीत उदाहरण आपल्या नाशिक जिल्ह्यातून निघालेल्या घराण्याचे आहे. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला, ही गोष्ट आपल्याकडे शाळेतली मुलेही सांगतात. १९३९ मध्ये त्यांच्या गादीवर नातू प्रतापसिंहराव आले. आजोबांनी वाचनालये काढली, नातवाने घोडे घेतले. १९४३ मध्ये मुंबईला झालेली पहिली इंडियन डर्बी त्यांच्याच ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीने जिंकली. १९४५ मध्ये त्यांनी इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू अठ्ठावीस हजार गिनींना घेतले. एवढी किंमत तिथे कोणत्याही शिंगराला तोवर आलेली नव्हती. त्याचे नाव ठेवले ‘सयाजीराव’. न्यूमार्केटला वॉरन प्लेस ही जागा घेतली, आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात स्टड फार्म उभे केले. ते आजही बडोदा स्टड याच नावाने ओळखले जाते. सप्टेंबर १९४७ मध्ये, इकडे स्वातंत्र्याला महिना झाला असताना, तिकडे ‘सयाजीराव’ने सेंट लेजर ही मानाची शर्यत जिंकली. कवळाण्यात ही बातमी पोचली असेल का, असे मला राहून राहून वाटते.

पण या कारभारात भागीदार कोणी नव्हता. ‘महाराज, एवढे परवडणार नाही’ असे म्हणायला कोणी लागतो, तो नव्हता. विचारले ते शेवटी सरकारने. राज्याच्या तिजोरीतून उचललेल्या रकमांचा वाद झाला, १९४९ मध्ये बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५१ मध्ये प्रतापसिंहरावांची राजा म्हणून असलेली मान्यताही गेली. वॉरन प्लेस दुसऱ्यांच्या हाती गेले.

राजे मागे सरत होते त्याच सुमारास, १९४६ मध्ये, पुण्याजवळ हडपसरला सोली पूनावाला यांनी स्टड फार्म काढले. जागा हिशेबीपणाने निवडलेली दिसते. पावसाळ्यात शर्यती पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर. दोन्ही मैदाने एकाच क्लबची आणि पुण्याची हवा घोड्यांना मानवणारी. पुढे सायरस आणि झवेरे हे सोलींचे दोघे मुलगे या कामात आले. घरचीच भागीदारी, पण भागीदारी. म्हणजे वही उघडी, आणि प्रत्येक घोड्याच्या नावापुढे जमा काय आणि नावे काय, हे दोघांनी बघायचे.

सायरस पूनावाला यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे, की ऐन विशीत त्यांना वाटू लागले होते, समाजवादाकडे निघालेल्या या देशात श्रीमंतांच्या खेळावर पोट भरता येणार नाही. त्यांनी आधी स्पोर्ट्स मोटार बनवून पाहिली. नमुना झाला, पण कारखान्याला लागणारे भांडवल आवाक्याबाहेरचे निघाले. तेव्हा नजर परत पागेकडे वळली. शर्यतीतून निवृत्त झालेले त्यांचे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी परळला सुरू झालेली ही संस्था घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वात आणि सर्पदंशावरची औषधे तयार करी. पागेत येणाऱ्या पशुवैद्याशी बोलताना विषय निघाला, की घोडे आपलेच आहेत, तर औषध आपणच का करू नये? १९६६ मध्ये दोघा भावांनी फार्मच्या शेजारीच सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. सुरुवातीचे भांडवल पाच लाखांच्या आसपास होते, असे सांगतात. पहिली औषधे धनुर्वाताच्या उताऱ्याची होती. पुढे त्रिगुणी आणि गोवराच्या लशी आल्या, आणि मात्रांच्या संख्येने ही जगातली सर्वांत मोठी लसनिर्मिती कंपनी झाली. २०२१ मध्ये आपल्यापैकी बहुतेकांनी दंडावर घेतलेली कोविशिल्ड तिथलीच. तिच्यात घोड्याचा काही संबंध नव्हता, पण कारखान्याचा पाया पागेत घातलेला होता.

ही हकीगत बहुतेक ठिकाणी एका माणसाच्या कल्पकतेची म्हणून लिहिली जाते. कल्पकता होतीच. मला मात्र ती स्टडवाल्याच्या वहीतली गोष्ट वाटते. न जिंकणाऱ्या घोड्याचा रकाना बडोद्याच्या महाराजांना भरावा लागला नाही. पूनावालांना तो रोज भरावा लागत होता, आणि त्याच रकान्याकडे बघत बसल्यामुळे त्यांना धंदा सापडला. विशेष म्हणजे त्यांनी घोडे सोडले नाहीत. कंपनी वाढली तरी स्टड फार्म चालू राहिले आणि तिथल्या घोड्यांनी पुढे अनेक डर्बी जिंकल्या.

इथे मनात एक टोचणी उरते, ती लपवत नाही. निवृत्त घोड्याला रक्तदानाचे काम दिले म्हणजे त्याची सोय झाली, की तोही त्याच्याकडून घेतलेला शेवटचा कसच? विष टोचायचे, काही आठवड्यांनी रक्त काढायचे, त्यातला उपयोगाचा पिवळा द्रव ठेवून तांबड्या पेशी शक्य तिथे परत घोड्याला द्यायच्या. किती रक्त काढावे आणि किती दिवसांनी, याचे नियम देशात आहेत. प्राणिमित्रांच्या तक्रारीही आहेत. मी स्वतः त्या घोड्यांच्या रक्तावर वाचलेला असू शकतो, तेव्हा न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायला मी नालायक आहे.

शर्यतीच्या घोड्यांचा धंदा आता बहुतांशी भागीदारांचाच आहे. शर्यतीच्या पुस्तिकेत एकेका घोड्यापुढे तीन-तीन, चार-चार मालकांची नावे दिसतात. चौघे असले, की घोड्याचा एकेक पाय वाटून घेतला, अशी थट्टा होते. उत्तम नराचेही हिस्से पाडतात. हिस्सेदाराला वर्षाला एक घोडी त्याच्याकडून फळवून घेण्याचा हक्क मिळतो. दिवस सोपे नाहीत. शर्यतीच्या पैजांवर सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के जीएसटी लागला. महालक्ष्मीच्या दोनशे अकरा एकरांपैकी एकशे वीस एकर उद्यानासाठी घेण्याचे आणि उरलेल्या एक्याण्णव एकरांचाच भाडेपट्टा क्लबला नव्याने देण्याचे २०२४ मध्ये ठरले. राजांना जे सोसवले नाही, ते भागीदारांना वाटून सोसावे लागते आहे.

धनुर्वातासाठी आता घोड्यापेक्षा माणसाच्या रक्तातून काढलेला उतारा वापरणे डॉक्टर पसंत करतात, आणि मुळात लसीमुळे ती वेळच सहसा येत नाही. सर्पदंशाला मात्र अजून पर्याय नाही. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे भातलावणी सुरू झाली, की नाग, मण्यार, घोणस, फुरसे चावल्याचे रुग्ण ग्रामीण रुग्णालयात येऊ लागतात. नर्सबाई एकामागून एक कुप्या फोडतात, भुकटी पाण्यात विरघळवतात आणि सलाइनमधून सोडतात. सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी होते. कुपीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की हे औषध घोड्यापासून काढलेले आहे. घोड्याचे नाव मात्र कुठेच नसते.