उद्यानातल्या दुकानात फक्त देशी माल: अशी सक्ती करता येते का?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन पाहून झाले की मुलांना एक पेंग्विन घरी न्यायचा असतो. तो कापसाचा असो, प्लास्टिकचा असो की चावीच्या कडीला लटकणारा, कुठे तयार झाला हे मूल विचारत नाही आणि आईवडीलही क्वचितच विचारतात. पण बाग महापालिकेची, म्हणजे सार्वजनिक. मग तिथल्या दुकानात देशात बनलेलाच माल विकावा, असा नियम का नको?

हा प्रश्न अमेरिकेत गाजला होता. २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या दुकानात अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे चिनी बनावटीचे अर्धपुतळे विकले जात असल्याचे सिनेटर बर्नी सँडर्स यांनी दाखवून दिले. नंतर संग्रहालयाने आपले एक दुकान पूर्णपणे अमेरिकी मालाचे केले.

मुंबईला हा विचार नवा नाही. वंगभंगानंतरच्या चळवळीत येथे ‘बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स’ उभे राहिले. आज ते ‘द बॉम्बे स्टोअर’ म्हणून ओळखले जाते. ३१ जुलै १९२१ रोजी परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विदेशी कापडाचा ट्रक अडवताना गिरणी कामगार बाबू गेनू यांचा मृत्यू झाला. मात्र ही स्वदेशी गिऱ्हाइकाने आणि दुकानदाराने स्वतःहून स्वीकारलेली होती. सरकारी फर्मानाचा तिच्याशी संबंध नव्हता. सरकार तर उलट बाजूला होते.

आज सरकारी नियम आहे, पण तो वेगळ्या गोष्टीसाठी. केंद्राने २०१७ मध्ये ‘मेक इन इंडिया’ला प्राधान्य देणारा सार्वजनिक खरेदी आदेश काढला. २०२० च्या सुधारणेनुसार मालात किमान ५० टक्के स्थानिक मूल्य असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गात धरला जातो, २० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर दुसऱ्या. हा आदेश केंद्रीय खात्यांच्या खरेदीसाठी आहे. उद्यानातल्या दुकानात खरेदी कोण करते? बहुधा परवानाधारक. तो आपल्या पैशाने माल आणतो, पर्यटकाला विकतो आणि मालकाला भाडे देतो. सरकार इथे गिऱ्हाईक नसते, घरमालक असते. त्यामुळे खरेदीचा नियम त्या फळीपर्यंत पोहोचतच नाही.

खरी मेख याच्या पुढे आहे. गॅट करारानुसार आयात माल एकदा देशात आला की विक्रीच्या नियमांत त्याला देशी मालाइतकीच वागणूक द्यावी लागते. सरकारी खरेदीला यातून सूट आहे, पण माल सरकारी कामासाठी घेतलेला असेल आणि तो व्यापारी पुनर्विक्रीसाठी नसेल तरच. भेटवस्तूंचे दुकान म्हणजे निव्वळ पुनर्विक्री! याच सूटीच्या कलमावर भारताने एक खटला गमावला आहे. राष्ट्रीय सौर मोहिमेत देशी सौर घट वापरण्याची अट होती. सरकार वीज विकत घेते, घट नव्हे, असे म्हणत जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने २०१६ मध्ये ती अट नियमबाह्य ठरवली. चावीच्या कड्यांसाठी कोणी जिनिव्हाला धावणार नाही, हे खरे. पण सरसकट सक्तीचा कायदा करणाऱ्याला हे कलम टाळता येत नाही.

म्हणून सक्तीपेक्षा सवलतीची वाट अधिक चालते. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांतल्या ठेकेदारांना मूळनिवासींच्या अस्सल हस्तकलेच्या विक्रीवर सरकारला द्यायचा वाटा माफ केला. आपल्याकडे २०२२ पासून रेल्वेची ‘एक स्थानक, एक उत्पादन’ योजना आहे. स्थानकावरचा ठेला नाममात्र शुल्कात, आळीपाळीने, स्थानिक कारागीर, विणकर आणि बचत गटांना मिळतो. मोठ्या ठेकेदाराच्या तोडीची बोली लावणे कारागिराला परवडत नाही. इथे त्याला ती लावावीच लागत नाही. उद्यानांत असे ठेले द्यायचे तर पालिकेला त्या कोपऱ्याच्या भाड्यावर पाणी सोडावे लागेल, आणि निर्णय तिथेच अडतो.

शिवाय देशी कशाला म्हणायचे? आयात केलेल्या साध्या मगवर इथे गेटवे ऑफ इंडियाचे चित्र छापले तर तो देशी का? पाकीटबंद आयात मालावर मूळ देशाचे नाव छापणे बंधनकारक आहे, पण टोपलीत सुटी ठेवलेली कडी काहीच सांगत नाही.

खेळण्यांच्या बाबतीत मात्र चित्र पालटले. आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. ते देशी-विदेशी दोघांनाही लागू असल्याने वर सांगितलेली अडचण त्याला येत नाही. नोंदणीकृत हस्तकारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना त्यातून वगळले आहे. म्हणजे कापसाचा तो पेंग्विन कारखान्यातला असेल तर त्यावर चिन्ह हवे. नोंदणीकृत कारागिराने बनवून विकलेला असेल तर त्याशिवायही चालतो.