मालकी सुटली, गादी उरली

रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर लाल सरबताची बाटली आली, की ती आम्हांला घरचीच वाटते. त्या बाटलीमागे एका घराण्याच्या विरासतीचा शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो मात्र आम्ही सहसा वाचत नाही.

हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी 1906 साली जुन्या दिल्लीत 'हमदर्द' दवाखाना काढला. 'रूह अफजा' हे त्यांचेच सरबत. 1922 साली ते वारले. तेव्हा थोरला मुलगा अब्दुल हमीद (जन्म 1908) शाळकरी वयाचा होता आणि धाकटा मुहम्मद सईद दोन वर्षांचा. अशा वेळी दुकान भाऊबंदांच्या हाती जाते आणि बेवा बाईच्या वाट्याला फक्त अंगठा उठवणे येते, हे आम्ही आमच्या मोहल्ल्यांत पाहत आलो आहोत. इथे तसे झाले नाही. राबिया बेगम यांनी कारभार सांभाळला आणि थोरल्याला हाताशी धरून तयार केले. नाव पतीचे आणि मुलांचे राहिले. दोन पिढ्यांमधला पूल मात्र ही बाई होती.

फाळणीनंतर, जानेवारी 1948 मध्ये, हकीम सईद कराचीला गेले आणि तिथे त्यांनी नव्याने 'हमदर्द' उभारले. हकीम अब्दुल हमीद दिल्लीतच राहिले. भाऊ दोन देशांत वाटले गेले, तरी दोघांनी निर्णय एकच घेतला. दिल्लीचा व्यवसाय 1948 साली वक्फ झाला, कराचीचा 1953 साली.

या निर्णयाचे मोल नीट समजून घ्यायला हवे. शरीयतमध्ये मयताचा तर्का वारसांत वाटला जातो. बेवेला, मुलींनाही ठरलेला हिस्सा मिळतो. हा न्याय आहे आणि तो डावलण्याचा हक्क कुणालाच नाही. पण चालता कारखाना पिढ्यानपिढ्या वाटत गेला, तर कारखाना उरत नाही. हयातीतच केलेल्या वक्फने मालमत्ता वाटणीबाहेर जाते. तिचा मालक कुणी राहत नाही. कारभार पाहणारा फक्त मुतवल्ली असतो. या नफ्याच्या बळावरच 1964 साली हमदर्द नॅशनल फाउंडेशन आले आणि 1989 साली जामिया हमदर्दला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. हकीम सईद यांची 1998 साली कराचीत हत्या झाली. पुढच्याच वर्षी अब्दुल हमीदही गेले. दोन्ही संस्था चालू राहिल्या.

मग सारे सुरळीत झाले का? नाही. दिल्लीत पुढच्या पिढीत मुख्य मुतवल्ली कोण, यावरून घरातच वाद पेटला आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाला त्यावर निकाल द्यावा लागला. मालकी सोडता आली, गादीचा मोह सुटला नाही.

आम्हांला यातून एवढेच उमगते, की दस्तऐवज कितीही पक्का केला तरी तो माणूस घडवत नाही. राबिया बेगमपाशी वक्फनामा नव्हता. समोर वाढणारा मुलगा होता आणि त्याला शिकवायला वेळ होता. आमच्यापैकी ज्यांचे दुकान आहे, वखार आहे, छोटा छापखाना आहे, त्यांनी हयातीतच दोन कामे करावीत. हिशेबाची वही मुला-मुलींसमोर उघडावी आणि आपल्यानंतर किल्ली कुणाकडे जाईल, ते सर्वांच्या देखत सांगावे. जनाज्यानंतर सुरू झालेली बोलणी बहुधा वकिलाच्या दारी संपतात.