'आत्या नाही ना यादीत?'

शाळेतला संच आठवतो ना? एक घटक एकदाच, आणि क्रमाला किंमत नाही. या क्रम नसण्यात केवढं भांडवल आहे, हे फंक्शनल प्रोग्रामिंगवाल्यांना उशिरा उमगलं, असं मला वाटतं.

या पंथात जुना संच बदलत नाही. हॅस्केलमध्ये दहा लाख घटकांत एक वाढवला, तर मुळापासून त्या जागेपर्यंतच्या वीस-पंचवीस गाठी नव्या बनतात. बाकीचं झाड नवा आणि जुना संच वाटून वापरतात. सुरेख! पण दोन थ्रेडनी एकाच जुन्या संचावरून आपापला नवा बनवला, तर खरा कुठला? लग्नाची यादी दोघा भावंडांनी आपापल्या फोनवर घेतली. एकाने मावशी वाढवली, दुसऱ्याने आत्या. ग्रुपवर शेवटी पडलेली यादी खरी धरली, की मावशीला आमंत्रणच नाही.

1996 मध्ये कन्करंट हॅस्केलने 'एमव्हार' हा डबा आणला. संच बाहेर काढला की डबा रिकामा, दुसऱ्याने थांबायचं. क्लोजरच्या 'ॲटम'मध्ये कोणी थांबत नाही. मधल्या वेळात संच बदलला असेल, तर हिशेब पुन्हा करायचा. (त्या हिशेबात ईमेल पाठवणारा कोड घालू नका, दोनदा जाईल.)

भर हरवायची थांबली. पण मधेच कोणी विचारलं, "आत्या आहे का यादीत?" तर उत्तर त्या क्षणी कोणता थ्रेड पुढे होता यावर. प्रोग्राम तोच, उत्तरं दोन. टेस्टिंगमध्ये हे सापडतही नाही.

2013 मध्ये लिंडसे कूपर आणि रायन न्यूटन यांनी 'एलव्हार' मांडले. बीज जुनं होतं: एमआयटीतले अरविंद आणि सहकाऱ्यांची 'आय-स्ट्रक्चर्स', म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या जागा. कूपर-न्यूटननी 'एकदाच'चं 'फक्त वाढत' केलं. मावशी आधी आली की आत्या, शेवटचा संच तोच. बंधन वाचणाऱ्यावर. "आत्या आली की सांग" चालतं, "आत्या नाही ना?" चालत नाही, कारण ते उत्तर पुढच्याच क्षणी खोटं ठरू शकतं.

मग पूर्ण यादी कधी बघायची? 2014 च्या शोधनिबंधात उत्तर आलं: संच गोठवा. त्यानंतर कोणी नवं नाव घालू पाहिलं, तर प्रोग्राम एरर देतो. म्हणजे दरवेळी तेच उत्तर, नाहीतर एरर. गुपचूप वेगळं उत्तर नाही. मला हा सौदा पटतो. केटररला आकडा कळवल्यावर कोणाला काका आठवले, तर घरातही आरडाओरडा होतोच.